पाच एम्पिरिकल स्थळं

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी मानसशास्त्रात एमए करायचं ठरवलं, ते घरच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नव्हतं. मग पहिली असाइनमेंट आली: पाच 'एम्पिरिकल' लेख शोधून आणा, विषय कुठलाही.

एम्पिरिकल म्हणजे अनुभवाधिष्ठित, असं कोशात मिळालं. अनुभव माझ्याकडे सासर-माहेर धरून चिकार होता. पण मॅडमना तो नको होता. लेखकाने स्वतः माणसं जमवून, मोजमाप करून, त्यातून काय निघालं ते लिहिलेलं हवं होतं.

संशोधनाचे लेख शोधून देणारं गूगल स्कॉलर उघडलं. सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून ओळखीचं कोणी दिसतंय का बघावं, तसं वाटलं. तेवढ्यात मॅस्लो दिसले! गरजांचा पिरॅमिडवाले, बीएला पाठ केलेले. त्यांचा 1943 चा मूळ लेख मोठ्या ऐटीत नेऊन दिला. मॅडमनी पानं उलटली. "यात माणसं कुठे आहेत?"

घरी येऊन नीट वाचला. माणसं नव्हतीच, नुसता सिद्धान्त. पिरॅमिडसुद्धा नव्हता, तो नंतर कुणीतरी बांधला.

मग मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा 1956 चा लेख. शीर्षकातच सात आकडा, म्हणजे मोजलं असणारच! मोजलं होतं, पण बहुतेक इतरांनी. मिलरसाहेबांनी त्या प्रयोगांची सांगड घातली होती. तिसऱ्या खेपेला मेटा-अॅनालिसिस नेला, म्हणजे अनेकांच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष, पानोपानी तक्ते. "हे दहा जणींच्या डब्यातलं एकत्र केलेलं आहे," मॅडम म्हणाल्या, "मला एकीचा डबा हवाय." पण हा तर पीअर रिव्ह्यूड आहे, मी म्हटलं. त्यावर त्यांनी चष्मा काढला. तज्ज्ञांनी तपासलेलं सगळंच एम्पिरिकल नसतं, हे मला त्या चष्म्यानेच समजावलं.

शेवटी नणंदेच्या मुलीसाठी स्थळं बघतानाचा अनुभव कामी आला. गोषवारा म्हणजे बायोडेटा. 'मुलगा सुसंस्कृत, कर्तबगार' ठीक आहे, पण पगाराचा आकडा? तो मधल्या पानांवर. तिथे 'मेथड' हा मथळा हवा. त्याखाली सहभागी किती, कोण, त्यांच्याकडून काय करून घेतलं, कशाने मोजलं. मग 'रिझल्ट्स', मग चर्चा. मेथड नसेल तर चहा पिऊन उठायचं. (काही ठिकाणी चहाचेही पस्तीस-चाळीस डॉलर मागतात. ते लेख कॉलेजच्या लायब्ररीतून फुकट मिळतात, हे उशिरा कळलं.)

लायब्ररीत सायकइन्फो नावाचा डेटाबेसही होता. तिथे 'एम्पिरिकल स्टडी' अशी खूण करून चाळण लावता येते, हे मुलाने दाखवलं. "आई, एवढंच होतं." तीन आठवड्यांनी सांगतोय!

पाचवा लेख मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून यांना वाचून दाखवला. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ, 1959. स्टॅनफर्डचे 71 विद्यार्थी. त्यांना तासभर महाकंटाळवाणं काम दिलं: अर्धा तास रिळं ताटलीत भरा नि काढा, अर्धा तास 48 खुंट्या पाव-पाव फिरवा. मग काहींना पैसे देऊन पुढच्या विद्यार्थ्याला सांगायला लावलं, फार मजा आली म्हणून. कुणाला एक डॉलर, कुणाला वीस. नंतर विचारलं, खरंच मजा आली का? एक डॉलरवाल्यांना जास्त आली होती. वीसवाल्यांकडे खोटं बोलायला कारण तरी होतं. एकवाल्यांनी स्वतःचीच समजूत घातली.

यांनी भेळेचा घास थांबवला. "अगं, दर महिन्याला सोसायटीच्या मीटिंगहून आलो की मी तुला सांगतो, चांगली झाली मीटिंग. मला तर कोणी रुपयाही देत नाही."

"आणि खरंच चांगली वाटते?"

"हल्ली वाटायला लागलीय."

मी समासात लिहून ठेवलं: सहभागी एक, तोही घरचा. मॅडमनी परत पाठवलं असतं.