‘त्यांना फक्त शांत संगीत ऐकवा’: या सल्ल्यात काय चुकतं

बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या पालकांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: या मुलांच्या हातात वाद्यं देऊ नका, त्यांना ताल कळत नाही, आवाजाने ती बिथरतात, हात चालत नाहीत. त्यापेक्षा ४३२ हर्ट्झमधले राग रोज ऐकवा, तीन महिन्यांत फरक दिसेल. काही करायचंच तर थेरपिस्टकडे न्या. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण हे वाचून सामूहिक वादनाचे वर्ग सुरू होण्याआधीच बारगळतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘४३२ हर्ट्झमधले राग ऐकवा, तीन महिन्यांत फरक दिसेल’

आपल्याकडे षड्ज, म्हणजे सा, ठरलेला नसतो. कुणी पेटीच्या काळी एक पट्टीत गातं, कुणी पांढरी चारमध्ये. भूप राग दोन्हीकडे भूपच राहतो. वाद्यं जुळवण्याचं प्रचलित माप ४४० हर्ट्झ; ते आणि ४३२ यांतलं अंतर अर्ध्या सुराचा जेमतेम एक तृतीयांश भाग आहे. आणि फरकाचं म्हणाल, तर २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ९ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे रेकॉर्ड लावलेली नव्हती. प्रशिक्षित थेरपिस्ट पाच महिने मुलांबरोबर प्रत्यक्ष संगीत करत होते. तरी सामाजिक संवादातल्या लक्षणांच्या मोजमापात ठळक फरक आढळला नाही. संगीताला औषध म्हणून पालकांच्या गळ्यात मारू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा. आपण भजनाला बसतो ते भजन करायला. त्यांनाही तेवढं कारण पुरे असावं.

‘त्यांना ताल कळत नाही’

बहुतेक वेळा घाई आपलीच असते. सूचना कानावर पडून हात उठेपर्यंत काहींना आठ-दहा सेकंद लागतात. शिकवणारा तेवढं थांबत नाही, तेच वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि प्रत्येक नव्या सूचनेने आधीची पुसली जाते. एकदा दाखवा, मनात दहा मोजा, मगच पुन्हा दाखवा.

ठेका केरव्याचा घ्या: धा गे न ति, न क धि न. पहिले दोन आठवडे सगळ्यांनी फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एक ठोका द्यायचा. मग पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. मधल्या मात्रा भरण्याचं काम ढोलकीवाल्याचं. लय मिनिटाला ७०-८० मात्रांच्या आसपास ठेवा. गाणं रंगलं की ती नकळत चढते आणि थोड्याच वेळात निम्मा गट मागे पडतो. म्हणून ढोलकीवाल्याने नजर गटातल्या सगळ्यात संथ हातावर ठेवावी. कुणी स्वतःच्याच लयीत वाजवत असेल तर त्याला थांबवू नका. ढोलकी त्याच्या लयीवर आणा, चार आवर्तनं त्याच्याबरोबर वाजवा. बरेचदा तो मान वर करून बघतो, कारण या वेळी बाकीचे त्याच्या मागे चाललेले असतात. तिथून त्याला गटात आणणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती मदतनिसांची एक सवय: मागून मनगट धरून टाळ वाजवून घेणं. तेव्हा वाजवणारा मदतनीसच असतो. आधार हवा असेल तर आपला तळवा त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे त्याला हवा तेव्हा हात काढून घेता येतो.

‘आवाजाने बिथरतात’

हे अर्धं खरं आहे. स्वमग्न व्यक्तींमध्ये आणि विल्यम्स सिंड्रोम या जन्मजात जनुकीय स्थितीत काही आवाज खरोखर असह्य होतात. पण मोठ्या आवाजाइतकाच, कधी त्याहून जास्त, त्रास अचानक येणाऱ्या आवाजाचा होतो. फरशी आणि पत्र्याच्या बंद हॉलमध्ये ताशा आणि झांज नकोच. सतरंज्या अंथरा, माइक लावूच नका (त्याची शिट्टी एकदा वाजली की पुढचा अर्धा तास गेला), सुरुवात एकतारी, दिमडी, खंजिरीने करा. आवाज वाढवण्याआधी हात वर करून तीन बोटं एकेक करून मिटायची. थांबण्याची खूणही दर वेळी तीच. कान झाकणारे दोन-तीन मफ हाताशी असू द्या, आणि हॉलबाहेर एक शांत कोपरा, जिथे न विचारता जाता येईल. गट आठ-दहा जणांचा, तिघांमागे एक मदतनीस, वेळ ४५ मिनिटं.

‘हात चालत नाहीत, वाद्यं मोडतात’

मग वाद्य बदला. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, सेरेब्रल पाल्सीत मूठ अनेकदा ताठ. दोन्हीकडे टाळाची बारीक दोरी हातात टिकत नाही. एक टाळ छातीच्या उंचीवर स्टँडला टांगा आणि हातात काठी द्या. काठीवर एसीच्या पाइपवर असते ती काळी फोमची नळी चढवा; मूठ जाड झाली की पकड टिकते. दिमडी मांडीवरून घसरते, तिच्याखाली रबरी जाळीची चटई ठेवा. मनगटपट्टीवरचं प्रत्येक घुंगरू वेगळ्या गाठीने शिवा आणि वर्गाआधी व नंतर मोजा. सगळी एकाच दोऱ्यात ओवली तर एक दोरा तुटताच सगळी सुटतात आणि एखादं थेट तोंडात जातं.

पेटीचं तर फारच सोपं आहे. भाता मदतनिसाने सांभाळायचा. काळी तीन हा सा धरला की पाचही काळ्या पट्ट्या मिळून भूपाचे सूर होतात, काळी एक सा धरला तर दुर्गा रागाचे. काळ्या पट्ट्या उंच असल्यामुळे बोटांना न बघता सापडतात. त्यांवर कुठेही हात पडला तरी सूर रागाबाहेर जात नाही.

‘थेरपिस्टशिवाय नको’

उपचार हवा असेल तर थेरपिस्टच हवा. एकत्र वाजवायला एक जाणता वादक आणि एक विशेष शिक्षक पुरतात. मात्र कुणाला फिट येते, कुणाचं औषध कधी असतं, हे लिहून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात, तेव्हा मान झटकत नाचण्याचा आग्रह नको.

आणि ‘मुलं’ हा शब्द

मजकुरात ज्यांना मुलं म्हटलंय, त्यांतले कित्येक तिशी-चाळिशीचे आहेत. त्यांना बालगीतं कशासाठी? हेलसिंकीत बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या अशाच एका कार्यशाळेतून २००९ मध्ये ‘पेर्ती कुरिकान निमिपाइवात’ हा बँड उभा राहिला आणि २०१५ मध्ये त्याने युरोव्हिजन या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेत फिनलंडचं प्रतिनिधित्व केलं. गाणं १ मिनिट २७ सेकंदांचं, आणि तेही पंक, म्हणजे वेगवान, दणदणाटी रॉक! शांत संगीत त्यांनी निवडलं नव्हतं. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सांस्कृतिक जीवनासाठी स्वतंत्र कलम आहे, २९ वं.

निवडीसाठी चित्रांची कार्डं करा: लावणी, कव्वाली, अभंग, सिनेमाचं गाणं. त्यांत ‘आज नको’ हेही एक कार्ड ठेवा. ते उचललं तर खुर्ची दाराजवळ द्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाचं वाद्य त्याच जागी, वाजवायला तयार ठेवा.