"आधी स्वतः वापरून बघा" म्हणणाऱ्या वाचकांना

विंडोज सोडून लिनक्स घेतलं तरी गेम सोडावे लागत नाहीत, असा लेख मी मागच्या आठवड्यात टाकला होता. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय की प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) २०१९ ला नाही, २०१८ ला आलं, अँटी-चीटवाले (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर असलेले) गेम चालत नाहीत हे तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत, नवख्या माणसाला खड्ड्यात ढकलताय, आणि शेवटी, "आधी स्वतः वापरून बघा, मग लोकांना शिकवा."

साल चुकलं, मान्य. व्हॉल्व कंपनीनं प्रोटॉन ऑगस्ट २०१८ मध्येच आणलं, लेखात दुरुस्ती केलीये, धन्यवाद.

पण ते शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. अहो, मुद्दा पटला नाही तर तसं म्हणा ना, पण मी न वापरताच लिहिलंय हे तुम्ही कुठून ठरवलंत? माझं चुकू शकतं, पण मी थापा मारत नाही. ओळख ना पाळख आणि एकदम इतकं तुसडं बोलायचं, समोर बसून चहा पिताना हेच वाक्य बोलला असतात का?

तर ऐका. माझा डेस्कटॉप म्हणजे इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, पुण्याच्या तापकीर गल्लीतून एकेक पार्ट आणून आम्ही दोघा भावांनी घरी जोडलेला, जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड नंतर बसवलं. विंडोज ११ ला इंटेलचं किमान आठवं जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आमचा पत्ता कट, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार म्हणाला नवीन घ्या, पन्नास हजार धरून चाला. चांगलं चालतं मशीन भंगारात का घालू मी? म्हणून लिनक्स, त्यातला मिंट हा प्रकार, हौस म्हणून नाही.

ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घेतला, व्हॉल्वचं गेमचं दुकान, स्टीम, टाकलं. गेम जुन्या डी ड्राइव्हवर होतेच, म्हटलं परत कशाला डाउनलोड करा. एज ऑफ एम्पायर्स टू चं प्ले दाबलं, बटणावर स्टॉप आलं, चार-पाच सेकंदांनी परत प्ले. एरर नाही, काही नाही. तीन रात्री हेच! प्रोटॉनचं व्हर्जन बदललं, ड्रायव्हर बदलला, रात्री दोनला बायको उठून आली, म्हणाली झोप ना आता. शेवटी कळलं की भानगड एनटीएफएसची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली ठेवायच्या विंडोजच्या पद्धतीची आहे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखी फोल्डरं तयार करतं, त्यात सी ड्राइव्हच्या नावाची लिंक असते, नावात कोलनसकट, आणि एनटीएफएसवर नावातला कोलन नियमात बसत नाही. गाडं तिथं अडलेलं. मग सगळा डेटा बाहेर काढला, ड्राइव्ह ईएक्सटीफोर या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट मारला, गेम रात्रभर डाउनलोडला लावला आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी प्ले दाबलं तर टाउन सेंटरपाशी तीन गावकरी आणि तो घोडेस्वार उभे. डबा हातात तसाच धरून मी पाच मिनिटं बघत बसलो होतो.

याला वापरून बघणं म्हणतात. गेमचा ड्राइव्ह एनटीएफएस ठेवू नका हे लेखात ठळक अक्षरात लिहिलं ते या तीन रात्रींमुळे, नवख्याच्या त्या तीन रात्री वाचाव्यात म्हणून. ते तुम्ही वाचलंच नाहीत, किंवा वाचून सोडून दिलंत.

राहिलं अँटी-चीट. हो, व्हॅलोरंट चालत नाही, त्याचं अँटी-चीट, व्हॅनगार्ड, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात बसतं. फोर्टनाइटही नाही. एका ओळीत लिहिलं कारण गोष्ट एका ओळीचीच आहे, ज्याला तेच खेळायचंय त्यानं विंडोज ठेवावं. माझा भाचा सुट्टीला येतो, त्याच्यासाठी मीसुद्धा एका छोट्या एसएसडीवर ठेवलंय. खड्डाबिड्डा यावर मी काही बोलणार नाही.

तुमचा खरंच एखादा गेम अडला असेल तर त्याचं नाव, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता प्रकार) लिहा, मी रविवारी बसून बघीन, मनापासून सांगतोय. नुसता टोमणा असेल तर तो मात्र या पानावर दिसणार नाही.