बढती म्हणजे मैदान सोडायचं का?

माझा मावसभाऊ सांगलीकडे एका शाळेत खेळाचा सर आहे, एकवीस वर्षं कबड्डीची पोरं घडवतोय. आता पर्यवेक्षक व्हायचा नंबर लागलाय आणि तो नको म्हणतोय. फॅमिली ग्रुपवर आठवडाभर हाच वाद, "किती दिवस शिट्टी वाजवत फिरणार?" मला इथे अमेरिकेत, कोलंबसमध्ये बसून त्याचंच बरोबर वाटतं.

इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत लॅरी जॉन्सन म्हणून अमेरिकन फुटबॉलचे डिफेन्सिव्ह लाइन कोच, म्हणजे अख्ख्या टीमचे नाही, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारी जी पुढची फळी असते फक्त तिचे. आधी जवळजवळ वीस वर्षं मेरीलँड-व्हर्जिनियाच्या शाळांमध्ये कोच होते, 1996 ला पेन स्टेट युनिव्हर्सिटीने बोलावलं तेव्हा चाळिशी उलटलेली. तिथे अठरा सीझन, मग 2014 पासून इथे, काम तेच. बॉल हलला रे हलला की पहिलं पाऊल कसं टाकायचं, समोरच्याचे हात अंगाला लागायच्या आत कसे झटकायचे, पुन्हा पुन्हा तेच घोटून घ्यायचं. जोई बोसा, निक बोसा, चेस यंग ही त्यांच्या हाताखालची पोरं, एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजची पोरं निवडतात तिथे, अनुक्रमे तिसरा, दुसरा, दुसरा नंबर! 2020 ला हेड कोच रायन डे यांना कोविड झाला तेव्हा मिशिगन स्टेटची मॅच यांनीच सांभाळली, 52-12 ने जिंकली, आणि मग परत आपल्या फळीकडे. ते मागे राहिले असं इथे कुणी म्हणत नाही.

काका म्हणाले तिकडे पैसा आहे रे. खरंय, जॉन्सनना वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर मिळतात, एक लाखावर माणसं बसतात त्या स्टेडियममध्ये, शाळेची तुलना त्याच्याशी नाहीच होणार. पण मग भांडण पगाराचं करा ना! मैदानावर राहून पगार वाढायला हवा ही मागणी कुणीच करत नाही, सगळे त्यालाच समजावतायत. आचरेकर सरांना कुणी म्हटलं का, किती दिवस शिवाजी पार्कात उभे राहणार?

त्याच्या जिल्हा टीममध्ये यंदा तीन पोरी आहेत, पहाटे साडेपाचला येतात. पर्यवेक्षक झाला तर त्या वेळी तो टाइमटेबल आणि बदली तासांचे कागद बघत असेल, आणि पोरींकडे कोण बघणार हे शाळेने अजून सांगितलेलं नाही.