दाट वस्तीला उंदरांचा पिंजरा म्हणण्यापूर्वी

शहराच्या मध्यभागी, दाट वस्तीत घर करणे माणसाच्या प्रकृतीलाच मानवत नाही, असे सांगणारा एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत सतत पुढे पाठवला जातो. त्यातील विधाने साधारणपणे अशी असतात: गर्दीत ठेवलेले उंदीर एकमेकांच्या जिवावर उठतात हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे आणि माणसाचेही तेच होते, मध्यवस्तीत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, रस्त्यात कोणावर हल्ला झाला तरी लोक नुसते बघत राहतात, दाटी म्हणजे रोगराई, आणि तेथील आवाजात व उकाड्यात शांत झोप अशक्य. यांपैकी शेवटचे विधान बरेचसे खरे आहे, पहिले जवळजवळ पूर्णपणे चुकीचे आहे आणि मधल्या तिन्हींमध्ये दोष एकाचा व शिक्षा दुसऱ्याला असा प्रकार झाला आहे.

उंदरांपासून सुरुवात करू, कारण मजकुराचा सारा रुबाब त्यांच्यावर उभा आहे. अमेरिकी संशोधक जॉन कॅल्हून यांनी हे प्रयोग केले आणि 1962 मध्ये त्यांविषयीचा त्यांचा गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. एका खोलीचे चार कप्पे करून त्यांत उंदीर सोडण्यात आले, अन्नपाण्याची कमतरता ठेवली नाही, आणि संख्या वाढत गेली तशी मारामाऱ्या, पिलांची हेळसांड व विचित्र वर्तन दिसू लागले. एवढेच मजकुरात येते. जे येत नाही ते असे की चारही कप्प्यांची स्थिती सारखी नव्हती. दोन्ही टोकांच्या कप्प्यांत शिरायला एकच वाट होती, त्यामुळे तेथे एखादा बलवान नर ती वाट अडवून बसे आणि आतल्या माद्या पिलांना बऱ्यापैकी नीट वाढवत. अनर्थ झाला तो दोन्ही बाजूंनी येजा असलेल्या मधल्या कप्प्यांत. शिवाय पहिल्या फेरीत अन्न कडक गोळ्यांच्या रूपात जाळीआड ठेवले होते, ते कुरतडायला वेळ लागे आणि उंदरांना घोळक्यातच खाण्याची सवय लागली. पुढच्या फेरीत भुकटी दिल्यावर तशी कोंडी झाली नाही. म्हणजे जागा तेवढीच ठेवून दारे आणि अन्नाची मांडणी बदलली की परिणाम बदलत होता. याच संशोधकांचा 1968 चा प्रयोग तर आणखी लोकप्रिय आहे. त्यात लहान जातीच्या आठ उंदरांपासून सुरुवात होऊन संख्या 2,200 पर्यंत पोहोचली व नंतर वसाहत नष्ट झाली. मात्र त्या पेटीत 3,000 हून अधिक उंदीर मावतील एवढी घरटी होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

आणि माणसे म्हणजे उंदीर नव्हेत, हे सांगावे लागावे याचेच नवल वाटते. 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जोनाथन फ्रीडमन यांनी माणसांना लहानमोठ्या खोल्यांत काही तास बसवून कामे दिली, तेव्हा खोली भरलेली असल्यामुळे कामाचा दर्जा घसरल्याचे आढळले नाही. माणसाला जाच होतो तो आपल्या दाराला कडी नसण्याचा, एका खोलीत सहाजणांनी झोपण्याचा, मुलाला अभ्यासाला कोपरा नसण्याचा. हे हाल दूरच्या वस्तीतल्या कोंदट घरातही होतात, आणि दाट वस्तीतल्या ऐसपैस घरात होत नाहीत. एका हेक्टरवर किती माणसे राहतात आणि एका खोलीत किती झोपतात, हे दोन वेगळे हिशोब आहेत; मजकूर पहिल्याचे आकडे देऊन दुसऱ्याची भीती घालतो.

शेजाऱ्यांविषयीच्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे कारण मजकूर सांगतो ते नाही. समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी 1977-78 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील लहान गावांपासून महानगराच्या गाभ्यापर्यंतच्या हजाराहून अधिक लोकांना त्यांच्या नात्यागोत्यांविषयी तपशीलवार विचारले होते. शहरी माणसांच्या जवळच्या वर्तुळात नातेवाईक आणि शेजारी कमी निघाले. मित्र, सहकारी आणि एखाद्या समान आवडीमुळे जोडलेली माणसे जास्त निघाली. एकटेपणा मात्र शहरात जास्त आढळला नाही. ज्याला भिंतीपलीकडच्या माणसाशीच मैत्री हवी आहे, त्याला हा तोटा वाटेल, आणि वृद्धांच्या बाबतीत तो खराखुरा तोटा आहे, कारण रात्री छातीत कळ आली तर शहराच्या दुसऱ्या टोकाचा मित्र उपयोगी पडत नाही. तरीही ‘गर्दीतला एकटा’ हे चित्र या नोंदींतून उभे राहत नाही.

शेजारधर्म नेमका कशामुळे आटतो, याचे याहून धारदार उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांनी दिले आहे, आणि मला ते या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी 1970 च्या सुमारास एकमेकांजवळचे आणि दिसायला सारखे असे तीन निवासी रस्ते निवडले. एकावरून दिवसाला सुमारे 2,000 वाहने जात, दुसऱ्यावरून सुमारे 8,000, तिसऱ्यावरून सुमारे 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहा परिचित होते. सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता मित्र नव्हता आणि परिचित जेमतेम तीन होते. आपले घर कोठवर पसरले आहे असे वाटते, ते नकाशावर दाखवा, असे सांगितल्यावर पहिल्या रस्त्यावरील लोकांनी सबंध रस्ता रंगवला आणि तिसऱ्या रस्त्यावरील लोक आपल्या इमारतीपाशी थांबले. अभ्यास लहान होता, प्रत्येक रस्त्यावर डझनभरच माणसांशी सविस्तर बोलणे झाले, आणि शांत रस्त्यावर मुलेबाळे असलेली जुनी कुटुंबे अधिक होती, हाही भाग आहेच; पण पुढे ब्रिस्टलमध्ये हीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा निष्कर्ष त्याच दिशेचे आले. तिन्ही रस्ते एकाच शहरातले होते, फरक होता तो मधून वाहणाऱ्या गाड्यांचा. या गाड्यांतील पुष्कळ माणसे मोकळ्या हवेसाठी दूर राहायला गेलेली आणि रोज मध्यवस्तीतून येजा करणारी असतात, हे येथे नमूद करायला हवे. मुलांना खेळायला रस्ता उरला नाही ही तक्रारही याच खात्यात जमा होते.

मदतीला कोणी येत नाही, या विधानाचा उगम बहुतेक वेळा 1964 च्या एका घटनेत सापडतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोविस या तरुणीचा पहाटे खून झाला आणि 38 शेजारी खिडकीतून पाहत राहिले, अशी बातमी दोन आठवड्यांनी छापून आली. नंतरच्या शोधांत कळले की हल्ला पाहू शकलेली माणसे मोजकीच होती, दुसरा हल्ला इमारतीच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी झाला, एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला तात्पुरते पळवले होते, आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन शेवटपर्यंत तिला धरून बसली होती. घडते आहे ते कळूनही काही न करणारे दोघेएक होते, हे झाकण्याचे कारण नाही. पण ज्या वृत्तपत्राने ती बातमी दिली त्यानेच 2016 मध्ये ती सदोष असल्याची नोंद केली, आणि पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात मात्र 38 हा आकडा अजून ठणठणीत आहे.

याउलट, प्रत्यक्ष चित्रणावर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ॲम्स्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधील लँकेस्टर या तीन शहरांच्या मध्यभागांतील सार्वजनिक कॅमेऱ्यांत टिपलेल्या 219 भांडणांत काय घडले, ते संशोधकांनी तपासले. सुमारे 91 टक्के प्रसंगांत निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडला होता, आणि आसपास माणसे जितकी जास्त, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यता वाढलेली होती. केपटाउन हिंसेसाठी कुप्रसिद्ध आणि लँकेस्टर त्या मानाने शांत, तरी तिन्ही ठिकाणी हे प्रमाण फारसे बदलले नाही. मध्यवस्तीत गुन्हेच घडत नाहीत असे यावरून सिद्ध होत नाही. पाकीटमारी आणि रात्रीची दांडगाई तेथे अधिकच आढळते. बघ्यांविषयीचा आरोप मात्र टिकत नाही.

रोगराईच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला, तेव्हा दूषित पाणी देणाऱ्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळच असलेल्या, गरिबांसाठीच्या श्रमगृहात 535 माणसे दाटीवाटीने राहत होती, आणि त्यांतली फक्त पाच दगावली, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. या साथीचा माग काढणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी ही नोंद केली. मृत्यू दाटीमागून न जाता पाण्यामागून गेले. कोंदट खोल्यांमुळे क्षयासारखे रोग वाढतात हे खरे, पण तो पुन्हा खोलीचा हिशोब झाला.

राहता राहिले आवाज आणि उष्मा, आणि येथे प्रतिवाद करणाऱ्याने आवरते घ्यावे हे उत्तम. रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज 45 डेसिबलच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाची 2018 ची शिफारस आहे, आणि मध्यवस्तीतील रस्त्याकडेच्या फारच थोड्या खिडक्या त्या मर्यादेत बसतील. दगड, काँक्रीट आणि डांबर दिवसभर शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतर सोडत राहतात, म्हणून शहराचा गाभा आणि बाहेरचा परिसर यांतील तफावत रात्री सर्वाधिक असते; हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये ती मोजून दाखवली होती. एवढेच म्हणता येते की हा त्रास वस्तीभर सारखा वाटलेला नसतो. एकाच इमारतीत मागच्या चौकाकडे उघडणारी झोपण्याची खोली आणि रस्त्याकडची खोली यांत रात्रीचा मोठा फरक असतो, छताखालचा शेवटचा मजला मधल्या मजल्यांपेक्षा बराच तापतो, आणि झाडे असलेली गल्ली शेजारच्या उघड्याबोडक्या गल्लीपेक्षा सुसह्य असते. तेथे घर घेणाऱ्याने ते दुपारी पाहून भागत नाही. रात्री उशिरा, खिडक्या उघड्या ठेवून काही वेळ बसून पाहावे लागते. ज्याच्या घराला एकच बाजू आहे आणि ती हमरस्त्याकडे उघडते, त्याच्यापुरते मजकुरातले शेवटचे वाक्य खरे आहे, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.