साहेब गेले म्हणून शेअर विकायचा?

गुंतवणूकदारांच्या गटांमध्ये एक फॉरवर्ड फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘ऊर्जा कंपनीतले वरचे साहेब जायला लागले की समजा आत आग लागली. वैयक्तिक कारण म्हणजे घोटाळा. भाव पडला म्हणजे बाजाराला कळलं. सीईओ गेला की लाभांशही गेला. जाणाऱ्याला आतलं ठाऊक असतं, तो विकेल तेव्हा तुम्हीही विका. एन्रॉन आठवा.’

आठवूच एन्रॉन. फॉरवर्डचा सगळ्यांत भक्कम मुद्दा तोच आहे.

जेफ्री स्किलिंगने १४ ऑगस्ट २००१ रोजी या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं सीईओपद सोडलं. खुर्चीत बसून जेमतेम सहा महिने झाले होते, कारण ‘वैयक्तिक’ सांगितलं, आणि २ डिसेंबरला कंपनी दिवाळखोरीत गेली. राजीनाम्याच्या दिवशी ज्याने विकलं तो वाचला, हे मान्य. पण कितीसा वाचला? वर्षभरापूर्वी, ऑगस्ट २००० मध्ये, हा शेअर ९० डॉलरवर होता. राजीनाम्याच्या दिवशी तो ४३च्या आसपास होता. साहेब जाईपर्यंत थांबणाऱ्याचे निम्म्याहून जास्त पैसे तोवर बुडालेच होते.

खरी घंटा चार महिने आधी वाजली होती. १७ एप्रिल २००१ रोजी तिमाही निकालांचा कॉल चालू होता. एका हेज फंडाच्या, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पैसे सांभाळणाऱ्या फंडाच्या, माणसाने विचारलं की, निकालांबरोबर ताळेबंद आणि रोख प्रवाहाचा तक्ता न देणारी वित्तीय संस्था तुम्ही एकटेच, असं का? स्किलिंगने त्याचे आभार मानले आणि सगळे ऐकत असताना त्याला शिवी हासडली. त्या दिवशी कोणीही राजीनामा दिला नव्हता. सगळे साहेब आपापल्या खुर्चीत होते आणि ताळेबंद तेवढा जागेवर नव्हता.

‘वैयक्तिक कारण म्हणजे घोटाळा’ हे तर सपशेल चूक. तो वकिलांचा ठोकळेबाज शब्द आहे, आजारपणालाही चालतो आणि हकालपट्टीलाही. ब्रिटिश तेलकंपनी बीपीचे सीईओ बर्नार्ड लूनी सप्टेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा कारण खरोखरच वैयक्तिक निघालं: सहकाऱ्यांशी असलेल्या जुन्या संबंधांची पूर्ण माहिती त्यांनी संचालक मंडळाला दिली नव्हती. मंडळाने नंतर त्यांचा ३ कोटी पौंडांहून जास्त मोबदला रोखला. लाजिरवाणा प्रकार होता, पण त्याने एकाही विहिरीतलं तेल कमी झालं नाही. अमेरिकी तेलकंपनी एक्झॉन मोबिलचे सीईओ रेक्स टिलरसन २०१६च्या अखेरीस गेले ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री व्हायला. वयाच्या ६५व्या वर्षी, म्हणजे २०१७च्या मार्चमध्ये, ते तसेही निवृत्त होणार होते. या दोन घटनांना एकच अर्थ चिकटवायचा कसा?

राजीनामा जाहीर करणाऱ्या कंपनीच्या सूचनेत कारणाच्या ओळीपेक्षा बाकीच्या ओळी जास्त बोलक्या असतात. जाणारा आजच जातोय की तीन महिने कारभार सोपवत थांबणार आहे? वारसाचं नाव त्याच कागदावर आहे की ‘शोध सुरू आहे’? मोबदल्यात कबूल केलेले, पण अजून हातात न पडलेले शेअर त्याने गमावले की त्याला देऊन टाकले? आणि गेलं कोण? मनुष्यबळ विभागाचा प्रमुख गेला तर मी पुढची बातमी वाचतो. वित्तप्रमुख निकालांच्या तोंडावर गेला आणि पाठोपाठ लेखापरीक्षकानेही काम सोडलं, तर मात्र मी चहा बाजूला ठेवतो.

तेलकंपनीत आणखी एक खुर्ची बघायची असते, जमिनीखालच्या साठ्यांचे आकडे ठरवणाऱ्याची. शेलने ९ जानेवारी २००४ रोजी जाहीर केलं की आपल्या सिद्ध (म्हणजे नक्की काढता येतील अशा) साठ्यांपैकी ३.९ अब्ज बॅरल, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, ‘सिद्ध’ म्हणता येणार नाही. शेअर त्याच दिवशी कोसळला. अध्यक्ष फिलिप वॉट्स आणि तेल-वायू उत्खननाचे प्रमुख वॉल्टर व्हॅन डी व्हायव्हर यांना जावं लागलं ते ३ मार्चला, आणि वित्तप्रमुख एप्रिलमध्ये. क्रम बघा. आधी आकडा फुटला, मग माणसं गेली. फॉरवर्डच्या सल्ल्याने मार्चमध्ये विकणाऱ्याने पडून गेलेल्या भावात विकलं असतं. ते साहेब जाणं हा साफसफाईचा भाग होता. पुढच्याच वर्षी शेलने आपली दोन कंपन्यांची जुनी जोडरचना मोडून एकच कंपनी केली.

‘भाव पडला म्हणजे बाजाराला कळलं’ हा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो हुशारीसारखा दिसतो. पीजी अँड ई या कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीच्या सीईओ गीशा विल्यम्स पायउतार झाल्याचं १३ जानेवारी २०१९ला, रविवारी, जाहीर झालं. सोमवारी शेअर निम्म्यावर आला. ऐकायला फॉरवर्ड तंतोतंत खरा. पण त्याच सोमवारी सकाळी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज करणार असल्याचं सांगितलं होतं. वणव्यांमुळे अंगावर येऊ शकणारी देणी ३० अब्ज डॉलरच्या वर होती, आणि त्यांतला ८५ जणांचा बळी घेणारा वणवा आदल्या नोव्हेंबरातला. भाव त्या देण्यांनी पाडला. सीईओ कोण, याने त्यात फार तर काही सेंटांचा फरक पडला असता.

आता उलटं उदाहरण. चेसापीक एनर्जी या अमेरिकी नैसर्गिक वायू कंपनीचे सहसंस्थापक आणि सीईओ ऑब्री मॅक्लेंडन पायउतार होणार, हे २९ जानेवारी २०१३ रोजी जाहीर झालं आणि शेअर वधारला! कंपनी खणत असलेल्या विहिरींमध्ये त्यांना स्वतःसाठी छोटा हिस्सा घेण्याची मुभा होती, आणि तो हिस्सा गहाण टाकून त्यांनी १ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज उचलल्याचं २०१२ मध्ये बाहेर आलं होतं. भागधारकांना त्यांचं जाणं ही सुटका वाटली. पण ती सुटका टिकली का? कर्जाचा डोंगर होता तिथेच होता, वायूचा भाव वर यायला तयार नव्हता, आणि जून २०२० मध्ये चेसापीकही दिवाळखोरीत गेली. जुने शेअर रद्द झाले. पहिल्या दिवशीच्या वधारण्याने आनंदलेले आणि पहिल्या दिवशीच्या पडण्याने घाबरलेले, दोघेही एकच चूक करतात. ऊर्जा कंपनीत खुर्चीपेक्षा कर्ज आणि मालाचा भाव मोठे असतात.

लाभांशाचं थोडक्यात. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर बीपीने लाभांश थांबवला तो १६ जून २०१० रोजी, टोनी हेवर्ड सीईओ असताना. ते जाणार हे २७ जुलैला जाहीर झालं, तोपर्यंत विहीर बंद झाली होती आणि शेअर तळापासून बराच वर आला होता. नव्या सीईओच्या काळात, फेब्रुवारी २०११ मध्ये, लाभांश पुन्हा सुरू झाला, आधीच्या निम्म्या दराने. सीईओ गेला आणि लाभांश परत आला, असंही कोणी फॉरवर्ड करू शकेल. तेही चूकच ठरेल.

राहिला शेवटचा मुद्दा, आतल्या माणसाच्या विक्रीचा. विक्रीकडे बघायचं हे बरोबर, पण फक्त जाणाऱ्याच्याच का? स्किलिंग गेल्यावर एन्रॉनची सूत्रं पुन्हा आधीचे सीईओ केनेथ ले यांच्याकडे आली. माणूस जुना, ओळखीचा, त्यामुळे पुष्कळांना हायसं वाटलं. २६ सप्टेंबर २००१ रोजी त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की, सध्याच्या भावात आपला शेअर म्हणजे विलक्षण स्वस्त सौदा आहे. त्या वर्षभर ते स्वतःचे कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीलाच परत विकून तिच्याकडून घेतलेली उचल फेडत होते. ही विक्री लगेच जाहीर करण्याची सक्ती तेव्हाच्या नियमात नव्हती. दोन दिवसांत कळवण्याचा नियम आला २००२ मध्ये. आणि ले काही राजीनामा देऊन गेले नव्हते. ते तर परत आले होते.