चाललीच आहेस तर…

परभणीत बाईनं रिकाम्या हातानं रस्त्यानं चालू नये. तसा कायदा नाही, पण पाळतात सगळे. हातात पिशवी असली, लेकरू असलं, निदान गिरणीचा डबा असला तर कुणी ढुंकून बघत नाही. हात मोकळे दिसले की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, गाडी कुठंय?" मग दुसरा, "कुणीकडं चाललाव?" कुठंच नाही, नुसतं फिरायला, असं सांगितलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून तिसरा विचारतो, "शुगर निघाली का?"

निघाली नव्हती, निघायच्या बेतात होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तिच्यात ५.७ ते ६.४ हा उंबरठा धरतात. मी त्या उंबरठ्यावर अगदी ऐसपैस बसले होते. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको, चाला. आठवड्याला १५० मिनिटं." जागतिक आरोग्य संघटनेचंच हे सांगणं. शिवाय आठवड्यातले निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, वजन उचलण्याचा. मी म्हटलं, "वेळ कुठंय डॉक्टर?" ते म्हणाले, "काढायचा." हे ते इतक्या सहज म्हणाले, की त्यांच्या घरी भाकरी कोण थापतं हे विचारायचं ओठावर आलं होतं.

हिशोब सोपा होता. १५० भागिले ७, रोजची एकवीस-बावीस मिनिटं. माझ्या चौथीच्या पोरांना सुटेल असं उदाहरण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज जीपनं अप-डाउन करते, त्यामुळं मिनिटं कशी जातात हे मला घड्याळ न बघता सांगता येतं. म्हणून पाचचा गजर लावला. त्यातून एवढंच कळलं की घरात बाई पाचला उठली की कामंही तिच्याबरोबर पाचलाच उठतात. आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा चहा, जो एरवी सहाला लागायचा, तो "तू उठलीच हायस तर" पाचला लागायला लागला. चहा झाला की त्यांना गप्पा लागतात. गप्पा झाल्या की उजाडतं.

त्यातून नळ यायचा दिवस असला तर विषयच मिटला. आमच्याकडं नळ आठवड्यातनं एखादा दिवस येतो. तो आला हे पहिल्यांदा कळतं ते गल्लीतल्या कुणाच्या तरी मोटारीच्या घरघरीवरून. मग हौद, निळे ड्रम, पिंप, कळशा, तांबे, पार रिकाम्या लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं भरायचं आणि उरलेल्या बादल्या जिन्यानं वर न्यायच्या. ताकदीचा व्यायाम तो हाच, असं मी ठरवून टाकलंय. फक्त संघटनेला दोन दिवस पाहिजेत आणि नळ एकदाच येतो, त्यामुळं दर आठवड्याला एक दिवस माझ्याकडं थकीत राहतो.

यांनी मला हाताला बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. पहिल्याच सकाळी ओट्यापासून हलले नव्हते तरी घड्याळात चारशे पावलं. मी चक्रावले. मग लक्ष ठेवलं. परातीत पिठाचा गोळा घेतला, तळहातानं थाप थाप करत फिरवत मोठा केला, भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. तेवढ्यात आकडा पुढं. ते यंत्र पाय बघतच नाही, मनगटाचे हिसके मोजतं. ज्वारीची एक भाकरी म्हणजे पन्नासेक पावलं. गव्हाची पोळी लाटली तर एवढी पडत नाहीत, याची वाचकांनी नोंद घ्यावी. पुढं जीपमध्ये दांडीला धरून बसले, तर गावाकडच्या रस्त्यानं त्या घड्याळाला असं काही स्फुरण चढवलं, की शाळेच्या फाटकाशी उतरेपर्यंत मी निम्मं परभणी पायी हिंडून आलेली होते.

हा पराक्रम डॉक्टरांना सांगितला. ते म्हणाले, "भाकरी थापताना बोलता येतं?" येतं. "गाता येतं?" आरती म्हणते की मी. "मग तो व्यायाम नाही." चालण्याचा वेग असा पाहिजे की बोलता यावं पण गाता येऊ नये, अशी साधी खूण आहे म्हणे. तसं बघितलं तर जीप सुटत असताना मी जी पळते तेव्हा गाताही येत नाही आणि बोलताही येत नाही, पण तेवढं मिनिटभरच असतं.

दहा हजार पावलांचं भूत मात्र मी स्वतःच उतरवलं. हा आकडा काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडाही बसला. पुढं २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास आला, त्यात ७,५०० च्या पुढं फायदा फारसा वाढत नाही असं दिसलं. ते वाचलं त्या संध्याकाळी मी पलंगावर बसल्या बसल्या अडीच हजार पावलं वाचवली.

जिमला जाऊन आले. म्हणजे चौकशीला. लेडीज बॅच दुपारी दोन ते चार. दोन ते चार मी पाढे घेत असते. ज्या बायकांना दोन ते चार मोकळे असतात त्या त्या वेळात झोपतात, आणि बरोबर करतात. शाळेतच योग करावा म्हटलं, तर तिथं योग वर्षातनं एकदा येतो, २१ जूनला. २०१५ पासून येतोय. शाळा नुकतीच उघडलेली असते, पोरांना रांगेत उभं करेपर्यंत निम्मा तास जातो, मग ताडासन. फोटो निघेपर्यंत टाचा वर, फोटो निघाला की खाली. तो अपलोड करायला रेंज मिळावी म्हणून गच्चीच्या जिन्यावर ज्या खेपा होतात, तेवढाच काय तो व्यायाम.

शेवटी ठरवलं, चालायचं ते चालायचंच. पायात बूट घातले. मी बूट घालताना घरानं पहिल्यांदाच बघितलं.

आत्या म्हणाल्या, "चाललीच हायस तर दूध घेऊन ये." ठीक आहे, दूध तर दूध. लेक म्हणाला, "मम्मी, चाललीच आहेस तर एक झेरॉक्स." सकाळी सहाला. हे अंथरुणातून म्हणाले, "चाललीच आहेस तर गाडीच घेऊन जा ना, इस्त्रीचे कपडे टाकायचेत." फिरायला गाडी घेऊन जा! फाटकाबाहेर पडले तर समोरच्या काकू झाडू मारता मारता थांबल्या. "मॅडम, मंडईकडनंच चाललाव ना? दहाची कोथिंबीर." मी मंडईकडनं चालले नव्हते, पण आता चालले होते. वाटेत एक जुना विद्यार्थी मोटारसायकल आडवी घालून उभा राहिला. "बसा मॅडम, सोडतो." नको रे बाबा, मी मुद्दाम चालतेय. त्याचा चेहरा उतरला. दहावी नापास झालेल्याच्या गाडीवर मॅडम बसत नाहीत, असं त्याला वाटलं असणार. शेवटी बसले. येताना दोन्ही हातांत पिशव्या होत्या, आणि त्या अवस्थेत मात्र मला शुगरचं कुणीही विचारलं नाही.

आता आमच्या घरातला दुसरा व्यायाम बघा. हे रोज सकाळी कृषी विद्यापीठात फिरायला जातात. १९७२ चं विद्यापीठ, झाडी मोठी, रस्ते सरळ, निम्मी परभणी सकाळी तिथंच असते. ज्या विद्यापीठानं २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी काढून तिला 'परभणी शक्ती' नाव दिलं, तिथं गेल्यावर शक्ती यायलाच पाहिजे. तिथं पुरुषांचे जथेच्या जथे हात हलवत, पावसावर आणि राजकारणावर बोलत चाललेले असतात, आणि एकालाही कुणी विचारत नाही की गाडी कुठंय. फिरून झालं की चहा आणि प्लेटभर सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, त्यावर वाटलं तर भजी. म्हणजे जेवढं उतरवलं त्याच्या वर चढवून घरी. आणि घरात काय, तर "साहेब फिरायला गेलेत." हे वाक्य आत्या 'पूजेला बसलेत' याच आवाजात म्हणतात.

यांना जाताना कुणी काही आणायला का सांगत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. लग्न झाल्यावर लगेचची गोष्ट. आत्यांनी मेथी सांगितली, यांनी शेपू आणला. पुढं कधीतरी हरभऱ्याची डाळ सांगितली, तुरीची आली. तेव्हापासून यांचे हात कायमचे मोकळे झाले. हा वेंधळेपणा होता की दूरदृष्टी, ते मला अजून कळलेलं नाही. मीही एकदा मेथीच्या जागी चुका आणून बघितला. आत्यांनी जुडी न्याहाळली आणि म्हणाल्या, "असू दे, चाललीच होतीस तर बदलून आण."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून म्हणतो. जर्मनीतल्या बाया सकाळी पळत असतील, तेव्हा खिडकीतनं त्यांना कुणी कोथिंबीर सांगत असेल असं वाटत नाही.

संध्याकाळ मी आधीच सोडून दिली होती. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि सात वाजले तरी डांबर भाजत असतं. म्हणून जेवणानंतर गच्चीवर शतपावली सुरू केली. हे शास्त्रातही बसतं. पायाचे स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवल्यावर थोडं चाललं तरी फरक पडतो. पण उन्हाळ्यात परभणी गच्चीवर झोपते. मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या मारायला लागले की चारी बाजूंच्या गच्च्यांवरची डोकी उशीवरून वर व्हायची. "झोप येईना का मॅडम?" एकीनं तर सकाळी आत्यांनाच गाठलं, घरात काही वाजलं का म्हणून. खालून आवाज यायचेच, "वर गेलीच हायस तर कुरडया झाक," "टाकीचा कॉक बघ," "गाद्या टाक." गाद्या टाकून झाल्यावर चालायला जागाच उरायची नाही.

मार्ग आत्यांनीच काढला. गच्चीची चर्चा गल्लीभर झाल्यावर त्या म्हणाल्या, "नुसतं हिंडण्यापरीस मारुतीला फेऱ्या घाल की. देवाचं तरी होईल." कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ, बाजूला पिंपळ, भोवती फरशीची वाट. मला आधी पटलं नाही. मग लक्षात आलं की देवाला चाललेल्या बाईला कुणी कोथिंबीर सांगत नाही. बलाची उपासना सांगणारे समर्थ रामदासही शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे, म्हणजे आमचेच. पहिल्या दिवशी मारुतीचं स्तोत्र मोठ्यानं म्हणत झपाझप निघाले. तिसऱ्या फेरीला चाल तुटली, पाचव्या फेरीपासून स्तोत्र मनातल्या मनात. बोलता येत होतं, गाता येत नव्हतं. डॉक्टरांची खूण तंतोतंत जुळली.

आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या दिवशी फाटकाशी आत्या उभ्या. "चाललीच हायस तर माझ्या नावानं अकरा घाल. माझे गुडघे कुठं चालतेत आता." मी म्हटलं, आत्या, मी चालले तर तुम्हाला कसं पोचेल? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पुण्य माझं, शुगर तुझी."

ही वाटणी गल्लीत कशी पसरली माहीत नाही. दुसऱ्या शनिवारी कोपऱ्यावरच्या वहिनींनी सुनेच्या बाळंतपणासाठी एकवीस सांगितल्या. मागच्या आळीतल्या मावशींनी विहिरीला पाणी लागावं म्हणून अकरा. समोरच्या काकूंचा मुलगा नीटला बसलेला, त्यांनी एक्कावन्न सांगितल्या, त्याही परीक्षेच्या आत पूर्ण झाल्या पाहिजेत या अटीवर. मी शाळेतली जुनी हजेरीची वही काढली, नावं घातली, रकाने पाडले. रोजची बावीस मिनिटं कधीच मागं पडली. चाळीस, पन्नास मिनिटं चालूनही ऑर्डरी थकायला लागल्या. घरी उशीर झाला तर आता कुणी काही बोलत नाही, कारण देवाच्या कामाला घाई करू नये. आत्या भाकरीचं पीठ मळून ठेवतात. हे डबा स्वतः भरतात. त्यात लोणचं राहतं, पण भरतात.

मधे वहिनींच्या सुनेला मुलगी झाली, माझ्या वाट्याला पेढे आले. ते मी खाल्ले.

जूनमध्ये नीटचा निकाल लागला. काकूंच्या पोराचा नंबर थोडक्यात हुकला. संध्याकाळी काकू आल्या, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? फेऱ्या घालताना तुम्ही फोनवर बोलत होताव म्हणे."

होते. शाळेतून माहिती मागवली होती, पोषण आहाराच्या तांदळाची, ताबडतोब. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण काकूंनी हातानंच थांबवलं. पर्समधून चिठ्ठी काढून वहीवर ठेवली.

"त्याला नांदेडला रिपीटरच्या बॅचला टाकलंय. यंदा एकशे आठ धरा. अन् मोबाईल घरी ठेवून जा."