बारा मीटरचा डीपी रोड

गावाचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे डीपी, जाहीर झाला हे मला कळलं चहाच्या टपरीवर. तशी जाहीर सूचना पेपरात येते, राजपत्रातही येते. पण पेपरातली बोअरवेलच्या निविदेखाली, भिंग घेऊन बसावं अशा टायपात. हरकत घ्यायला ३० दिवस. त्यातले निम्मे अफवांत जातात.

"गुरुजी, तुमच्या घरावरून रोड चाललाय म्हणं," टपरीवाल्यानं कप पुढं करत सांगितलं. त्याचे डोळे चमकत होते. रोड झाला तर टपरी चौकात येणार होती.

नकाशा पालिकेच्या सभागृहात, फ्लेक्सवर छापून नेमका पंख्याखाली टांगलेला. पंखा लावला की बसस्टँड फडफडत शाळेवर जायचं. बंद केला की बघणारे घामानं निथळायचे. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती, एवढं तिथल्या पोरसवदा इंजिनिअरनं सांगितलं. पण गावाचा नकाशा बघत होतं कोण? जो तो आपलं घर हुडकत होता. बोटं ठेवून ठेवून आमच्या कॉलनीचा पिवळा रंग पार मळून गेला होता. एका आज्जीनं विचारलं, "ह्यात आमचा लिंब कुठाय?"

"आज्जी, झाडं नसतात ह्या नकाशात."

"मग लिंबाखालचं घर बरं घावलं रे तुम्हाला!"

माझंही घर घावलं होतं. १२ मीटरचा रस्ता स्वयंपाकघरातून शिरून न्हाणीतून बाहेर पडत होता. संडास तेवढा शाबूत. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "रोडवर संडास! भाड्यानं तरी जाईल."

नाल्यापलीकडं निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : जलतरण तलाव. आमच्याकडं नळ आठ दिवसाला येतात, ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवसाला. तरी या तलावावर एकाचीही हरकत नाही, कारण तिथं कुणाचं घर नाही. मागच्या आराखड्यात याच भागात बाग होती म्हणे. होती म्हणजे नकाशात. प्रत्यक्षात तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं आणि माझ्या मेव्हण्याचं लग्न आम्ही त्याच बागेत लावलं.

कॉलनीतले वकीलसाहेब १९६६ चा नगररचना कायदा काखेत मारूनच फिरत होते. "घाबरू नका गुरुजी. आराखडा अंतिम झाल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ ची नोटीस द्यायची. मग त्यांना चोवीस महिने. तेवढ्यातही भूसंपादनाला हात घातला नाही, तर जागेवरचं आरक्षण गेलं समजा." मी मनातल्या मनात वय मोजलं. नोटिशीवर सही बहुधा नातवाची लागणार होती.

हरकतीचा मसुदा सगळ्यांचा एकच. वकीलसाहेबांनी एक लिहिला, झेरॉक्सवाल्यानं शंभर काढले : 'शहराच्या विकासास आमचा पाठिंबाच आहे, तथापि...' तथापिच्या पुढं आपापला गट नंबर घालायचा. शेजारच्या अण्णांचंही तेच. त्यांच्या ओट्याला रस्ता नुसता घासून जात होता, तरी त्यांनी माझ्यासाठी म्हणून अर्ज दिला. माणूस तसा दिलदार.

सुनावणीला नियोजन समिती बसली आणि सभागृह खच्चून भरलं. प्लॉटिंगवाले पुढच्या खुर्च्यांत, गुत्तेदार त्यांच्या मागं, घरं जाणारे दाराशी उभे. पहिलाच हरकतदार 'जनहितार्थ' म्हणून उठला आणि आजोबांच्या निजामकालीन कागदापासून सुरुवात केली. तो चौथ्या पिढीवर आला असेल-नसेल, एवढ्यात मागं कुणाचा तरी फोन वाजला.

"नळ आलेत!"

मग काय! पाच मिनिटांत सभागृह मोकळं. निजामाचा कागद खुर्चीवरच राहिला. अण्णाही धावले, जाता जाता म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बसा. तुमचा नंबर जवळ आलाय."

समितीला हुरूप आला. "गैरहजर... गैरहजर... गैरहजर..." बघता बघता माझं नाव आलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रस्ता नकोच का तुम्हाला?"

"छे छे, रस्ता तर पाहिजेच साहेब. जरा पलीकडून घ्या."

"पलीकडून म्हणजे कुठून? दाखवा."

मी फ्लेक्सजवळ गेलो. स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, कंपाउंड सोडून बोट हळूहळू सरकवलं. ते अण्णांच्या देवघरावर थांबलं. इंजिनिअरनं पट्टी लावून पाहिली आणि म्हणाला, "बसतोय साहेब." नोंद झाली.

घरी आलो तर हौद काठोकाठ भरलेला. अण्णा ओट्यावर बसून पाइप गुंडाळत होते. स्वतःच्या टाकीआधी त्यांनी मोटर आमच्या हौदाला लावली होती.

"तुम्ही तिकडं कॉलनीसाठी भांडायलाव, मग आपण एवढं तर करावंच की," ते म्हणाले. "काय म्हणले साहेब?"

"बघू म्हणले."